बिघडलेला घोडा

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारात नाणं टाकलं की डुलणारा लाल घोडा होता. नवऱ्याचा कारखाना बंद पडून पगार थांबला आणि तिने लेकीला सांगून टाकलं, "बिघडलाय गं तो, राणी." लेक गुणाची. शाळेतून येताना घोड्याच्या मानेवरून हळूच हात फिरवायची आणि निमूट पुढे चालू लागायची. हट्ट नाही की रडारड नाही. शेजारणीला केवढं कौतुक! "तुझी पोर म्हणजे सोनं आहे बाई. आमचं ध्यान बघ, भर रस्त्यात लोळण घेतं." ती नुसती हसायची. एक थाप मारली आणि निभावलं, असं तिला वाटायचं.

आज शिवणकामाचे पहिले पैसे हातात आले होते. तिने भाजी जरा कमीच घेतली आणि एक नाणं मुठीत धरून ठेवलं. पण नेमकं आज कुणाचंसं पोरगं घोड्यावर बसून खिदळत होतं. पोरगं उतरलं तशी ती घाईघाईने म्हणाली, "अगंबाई, दुरुस्त झाला वाटतं! चल, बस पटकन."

लेक जागची हलली नाही. तिने आधी दुकानदाराकडे पाहिलं, मग आईचं बोट धरून तिलाच पुढे ओढलं.

"चल ना आई, उगाच रागावतील आपल्याला," ती समजूत घालावी तशी हळू आवाजात म्हणाली. "बाकीची मुलं रोजच बसतात. तो फक्त आपल्यासाठी बिघडलाय ना?"