तुम्ही स्टुडिओत, मी बाहेर

“अहो, ऐका ना जरा,” ती म्हणाली.

“ते बघ, जुना कॅमेरा! केवढं धूड आहे!” म्हणत नवरा पुढे सटकला.

तिने कपाळाला हात लावला. आठ दिवस हेच चाललं होतं. रिपोर्ट पर्समध्ये होता. गाठ साधी नव्हती, उद्या, सोमवारी, डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलं होतं. ती तपासणी करून आली हे नवऱ्याला माहीत होतं, पण काय निघालं ते विचारायला याला फुरसत कुठली! चहाच्या वेळी तिने तोंड उघडावं, तर याला गॅसची नळी बदलायची आठवण व्हायची. झोपताना विषय काढावा, तर हा घोरायला लागायचा. आणि एरवी रविवारी सोफ्यावरून न हलणारा माणूस आज उठून म्हणतो काय, तर चल, म्युझियम बघू! तिचा नुसता संताप संताप झाला होता.

कॅमेऱ्यांच्या पुढे ‘स्वतः बातमी देऊन पाहा’ अशी पाटी होती. काचेच्या खोलीत निवेदकाचं टेबल, आणि काचेबाहेर बातमीदाराची जागा. नवरा विचारल्याशिवाय आत जाऊन खुर्चीत बसलासुद्धा. तिथल्या बाईंनी तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला, हातात माइक दिला.

“ते निवेदक, तुम्ही बातमीदार. पडद्यावर ओळी येतील, त्या वाचायच्या. लाल दिवा लागला की त्यांचा माइक बंद. तुम्ही ‘पुन्हा स्टुडिओत’ म्हणालात की मगच त्यांना बोलता येईल.”

“बंद म्हणजे अगदी बंद?”

“अगदी. तुमचं बोलणं फक्त त्यांच्या कानात.”

अगं बाई! लग्नाला एकतीस वर्षं झाली, असलं यंत्र घरी का नाही मिळालं कुणाकडून!

लाल दिवा लागला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या.

“वादळी वाऱ्यामुळे शहरात ठिकठिकाणी झाडं पडली आहेत,” तिने वाचलं. मग पडद्यावरची नजर काढून तिने काचेतून नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, खड्ड्यात गेली ती झाडं. माझा रिपोर्ट आलाय. गाठ वाईट आहे. उद्या आपल्याला दवाखान्यात जायचंय. आठ दिवस सांगायला तडफडतेय मी, आणि तुम्ही एक वाक्य धड पुरं करू देत नाही. मला भीती वाटते हो. फार भीती वाटते.” तिचा आवाज चिरकला. “आता पुन्हा स्टुडिओत.”

दिवा विझला. कसली गाठ, कधी कळलं, असं काहीसुद्धा नवऱ्याने विचारलं नाही. समोरचे कोरे कागद तो उगाच सारखे करत बसला. तिच्या मागे रांगेतली माणसं चुळबुळ करू लागली. ती इतकी चिडली की हेडफोन काढून फेकणारच होती.

तेवढ्यात कानात त्याचा आवाज आला.

“रिपोर्ट न्यायला या म्हणून फोन आला होता ना, तो मीच घेतला होता. डॉक्टर सगळं बोलले. तू सांगितलंस की ते खरं होणार, म्हणून तुला बोलूच देत नव्हतो गं.”