हळदीचा परवाना

बहिणीच्या हळदीला आमची आजी धवले गात होती. तिने गायल्याशिवाय आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यात कुणाला हळद लागत नाही. तेवढ्यात कडक इस्त्रीतला एक साहेब बूट न काढता दारातल्या पायपुसण्यावर उभा राहिला. “हे गाणं आमच्या कंपनीचं आहे. परवाना दाखवा.” मी म्हटलं, “लग्नात परवाना लागत नाही, कायद्यातच लिहिलंय.” “लग्न उद्या आहे. आज नुसती हळद.” मग हळद काय आम्ही लोणच्यासाठी कुटली होती? वर पुरावा म्हणून त्याने मोबाईलवर कंपनीचा अल्बम लावला, तर आवाज आजीचाच! “तुमचीच मानसा टेप करून गेलती,” आजी म्हणाली. “बदल्यात एक साडी दिली.” त्याचा चेहरा खुलला. “म्हणजे मोबदला पोचला! साडी दाखवा, फोटो काढतो.” आजीने हळदीचा हात पुसला. “बूट उचल जरा, बाला. त्याच साडीवर उभा हायस.”