अकरा मिनिटं

शेवडे सरांनी गाडी शेजारच्या रेवतीला विकली, पण गाडीचं अ‍ॅप स्वतःच्या फोनमधून काढलं नाही. गाडी रोज संध्याकाळी कळवायची, ‘आज चालकाचं रडणं: अकरा मिनिटं.’ हे वाचू नये हे कळत असूनही सर चार महिने वाचत राहिले.

रविवारी रेवती अळूवड्यांचा डबा घेऊन आली. सरांना राहवलं नाही.

“पोरी, रोज इतकं रडू नये गं.”

डबा तिच्या हातातच राहिला. “घरी कुणाला पत्ता नाही, सर. मी फक्त गाडीत रडते.”

सरांनी मान खाली घालून फोन तिच्यापुढे सरकवला. तिनेच ते अ‍ॅप काढून टाकलं.

सोमवारी गाडी दारातच उभी राहिली. रेवती गच्च भरलेल्या बसमध्ये चढताना दिसली, तशी सरांनी खिडकी लावून घेतली.