उसवलेला शर्ट

“छाती कधीपासून वाढलीय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “महिना झाला असेल,” टेलरमास्तर पुटपुटले. बायकोनं त्यांचा काढून ठेवलेला शर्ट उलटा करून टेबलावर पसरला. काखेखाली जुन्या टाक्यांच्या भोकांच्या तीन ओळी होत्या. “हे लाजून खोटं सांगतील, बाई. शर्ट खोटं नाही सांगायचा. वर्षभरात तीनदा उसवून सैल केलाय, मला चोरून. आता आत कापडच उरलं नाही, म्हणून आलेत.” डॉक्टरीणबाईंनी ओळी मोजल्या आणि मास्तरांना पूर्ण तपासलं. वृषणात गाठ लागली. पुढच्या तपासण्यांत कळलं, हा दुर्मिळ कॅन्सर आहे आणि गाठीतून सुटणाऱ्या हार्मोनमुळेच छाती वाढतेय. ऑपरेशन करून ते वृषण काढलं. दोन महिन्यांनी मास्तर दुकानात परतले. गिऱ्हाइकांसमोरच त्यांनी गळ्यातली टेप काढून बायकोच्या हातात दिली आणि दोन्ही हात पसरले. “छातीचं माप घे. आकडा मात्र मोठ्यानं सांग.”