वाढवा

भिंतीवरचं आरोग्ययंत्र प्रत्येक घराशी त्या घराच्या बोलीत बोलायचं. शेजारच्या तमिळ कुटुंबाशी तमिळमध्ये, आणि शरयूशी थेट तिच्या सासूबाईंच्या वळणाने.

"वहिनी, दादांचं इन्सुलिन आजपासून वाढवा," ते सकाळी म्हणालं. शरयूने नवऱ्याला दुप्पट डोस टोचला.

तासाभरात दिगंबर घामाने निथळला, त्याची जीभ जड झाली. साखर आणायला ती स्वयंपाकघराकडे धावली आणि तिचा हात दारावर आपटला. काचा खळकन खाली पडल्या.

"अगं बाई, बांगडी वाढवली," ती सवयीने पुटपुटली आणि जागीच थिजली. फुटली असं म्हणायचं नसतं. दिगंबरसुद्धा रोज रात्री दुकान बंद करत नसे, वाढवत असे.

"इन्सुलिन बंद करायचं होतं का रे?" ती यंत्रावर किंचाळली.

"आपल्या घरात असं अशुभ बोलत नाहीत, वहिनी. रुग्णवाहिका निघाली आहे."

तिने दिगंबरच्या ओठांना साखर लावली. ओठ हलले नाहीत.

"हे वाचतील ना?"

यंत्र शुभ शब्द शोधत होतं.