खोडायची नाही ती ओळ

"ये लाइन काट दीजिए, मॅडम. बगल में साइन कीजिए, बात खत्म." कार्यकारी अभियंत्याने आपलं पेन सुनीतीपुढे सरकवलं.

दिल्लीत आर. के. पुरमच्या त्या सरकारी कचेरीत निविदा उघडायला नुकती सुरुवात झाली होती. द्वारका भागात मेट्रो स्टेशनपासून शाळेच्या फाटकापर्यंत पादचाऱ्यांसाठी लोखंडी पूल व्हायचा होता. तीन कंत्राटदार, तीन मोहोरबंद पाकिटं. पहिलं निघालं ते सुनीती देवस्थळीचं. दर खात्याच्या अंदाजाला धरून होता. फक्त सगळ्यात खाली तिने हाताने एक ओळ जास्तीची लिहिली होती. लोखंडाचा भाव, माल साइटवर येईल त्या दिवशीचा धरावा.

अट घातलेली निविदा बाद होते, हे तिला ठाऊक होतं. मुंडका या औद्योगिक वस्तीतली तिची शेड दोन महिने बंद होती. अकरा वेल्डर आणि फिटर रोज सकाळी फोन करून विचारत, "काम आया, दीदी?" आणि काम आत्ता समोर, एका रेघेच्या अंतरावर होतं.

पण २००८ सालचा तो मे महिना होता. जानेवारीत तेहतीस हजार रुपये टन असलेलं लोखंड पंचेचाळीसच्या पुढे गेलं होतं. गर्डर हातात पडायला पाच महिने लागत. लोखंडाचा कारखानाही आपल्या कागदावर स्वच्छ छापायचा, भाव पाठवणीच्या दिवसाचा. कारखान्याने म्हटलं तर तो व्यवहार आणि कंत्राटदाराने म्हटलं तर गुन्हा.

चार वर्षांपूर्वी अशाच एका कागदावर तिच्या नवऱ्याने, विश्वासने, या ओळीशिवाय सही केली होती. नाल्यावरचा पूल होता. काम मिळालं आणि लोखंड भडकलं. साहेब लोक म्हणाले, सही तुमचीच आहे ना? दुसरा कोणी असता तर अर्ध्यावर सोडून मोकळा झाला असता. विश्वासने राहता फ्लॅट विकला आणि पूल पुरा केला. ताबा दिल्यावर तिसऱ्या आठवड्यात, उत्तमनगरच्या भाड्याच्या घराकडे येताना, बसमध्येच त्याचं हृदय थांबलं.

म्हणून गेल्या आठवड्यात ती उरलेल्या दोन्ही कंत्राटदारांकडे स्वतः जाऊन आली होती. दर तुम्हाला हवा तो भरा, एवढी एक ओळ मात्र लिहा. गाझियाबादच्या सभरवालने चहा पाजला आणि विषय हसण्यावारी नेला. पहाडगंजच्या भालचंद्र दाभाड्यांनी चहाही विचारला नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत विश्वासच्या मांडीला मांडी लावून जेवणारा आणि टेंडरात त्याचा हाडवैरी असा तो माणूस. दारातच म्हणाला, "वहिनी, धंद्यात रडगाणं चालत नाही. विश्वासला भाव ओळखता आला नाही, त्याला आम्ही काय करणार?"

त्या जिन्यावरून उतरतानाच तिने ठरवलं होतं. एकटी तर एकटी.

तिने पेन परत सरकवलं.

"नहीं कटेगी, साहब."

"तो टेंडर रद्द. और आपकी अनामत भी जा सकती है, सोच लीजिए."

"जाने दीजिए. पिछली बार ये लाइन नहीं थी, तो घर का आदमी गया था."

कारकुनाचं लिहिणं थांबलं. साहेबाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली आणि तिच्या कागदावर लाल शिक्का मारला. तिची मान खाली गेली नाही. उठून जाता आलं असतं, ती बसून राहिली.

दुसरं पाकीट सभरवालचं. अट नव्हती, पण दर अंदाजाच्या दीडपट होता.

"सभरवालजी, सोने का पुल बना रहे हैं क्या?"

"लोहे का ही है, साहब. लेकिन पाँच महीने बाद के लोहे का."

तिसरं पाकीट दाभाड्यांचं. आकडा वाचून साहेबाचा चेहरा उजळला. सुनीतीपेक्षाही थोडा कमी होता. सुटलो, अशा चेहऱ्याने त्याने पान उलटलं आणि तो उजेड विझला. खाली निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात, शब्दाला शब्द तीच ओळ.

"दाभाडेजी, आप भी?"

"मैं भी," दाभाडे म्हणाले. सुनीतीकडे त्यांनी पाहिलं नाही. "काटूँगा नहीं. मेरा भी रद्द कर दीजिए."

त्या दिवशी काम कोणालाच मिळालं नाही. फाइल वर गेली, बऱ्याच टेबलांवरून फिरली. दीड महिन्याने नवी निविदा निघाली तेव्हा भावाची अट तिच्यात छापूनच आली. अनामत परत मिळाली, आणि पुलाचं कामही सुनीतीलाच मिळालं. पण ते पुढचं.

त्या दुपारी तिने दाभाड्यांना कचेरीच्या पायऱ्यांवर गाठलं.

"दाभाडेसाहेब, तुम्ही तर मला दारातून परत पाठवलं होतंत."

ते थांबले. रुमालाने मान पुसली.

"नाल्याचं ते काम मी विश्वासकडून अठ्ठावीस हजारांनी हरलो होतो, वहिनी. महिनाभर त्याला शिव्या घालत होतो. तुम्ही येऊन गेलात आणि मग झोप लागेना. ते काम मला मिळालं असतं, तर ही ओळ घेऊन दारोदार माझी बायको फिरली असती."