गार भिंत

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका माणसाला लहानपणापासून इसबाचा त्रास होता. पाठीला खाज उठली की हातातलं काम सुटायचं. आंघोळीनंतर मलम, ओल्या फडक्याच्या पट्ट्या, रात्री सुती हातमोजे, सगळं करून झालं होतं. त्याची नखं बायको स्वतः कापायची, अगदी मुळापर्यंत.

नव्या घरात आल्यावर खिडकीशेजारच्या गार भिंतीला पाठ टेकून बसलं की त्याला जरा बरं वाटायचं.

एका दुपारी असाच बसलेला असताना भिंतीतून खरखर ऐकू आली. कुणीतरी नखांनी हळूहळू खाजवावं तशी. आणि स्वतःचा हात जिथे कधीच पोचला नव्हता, तिथे त्याच्या पाठीत सुख पसरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

महिन्याभरात कातडी नितळ झाली.

"दृष्ट नको लागायला," बायको हरखून म्हणाली. "मलम बदललंत का?"

"शेजाऱ्यांची कृपा. भिंतीपलीकडून कुणीतरी खरवडतं, त्यानं आराम पडतो."

ती हसली नाही. "अहो, ही बाहेरची भिंत आहे. चौथ्या मजल्यावर राहतो आपण."

तो दचकून पुढे सरकला. त्याच क्षणी खाज अंगभर उसळली. पाठीत, मानेत, पापण्यांतसुद्धा. बायकोने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. तो तळमळला, कण्हला आणि शेवटी पुन्हा मागे रेलला.

खरखर सुरू झाली.

"जरा खाली," तो डोळे मिटून पुटपुटला.

आवाज खाली सरकला. या वेळी तो तिनेही ऐकला.